कमळचा खुबा

आमची कमळ सगळी कामं खाली बसून करायची. दिवा स्टेशनाजवळच्या चाळीत आमचं एका खोलीचं बिऱ्हाड. ती दारात विळी घेऊन बसली की शेजारणी तिच्याभोवती जमायच्या. कुणी उंबऱ्यापाशी उभी राहिली की हिचं सुरू, "बस की गं. उभ्या उभ्या बोलतो तो वसुलीवाला."

मग तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. वर्षभर तेल चोळलं, रुईची पानं बांधली. लंगडायची, पण विळी सोडायची नाही. उठताना माझा दंड धरायची. शेवटी ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी तिला आडवं केलं, पाय दुमडून जरा आत वळवला, तशी ती किंचाळली.

"आजी, गुडघा ठीक आहे. वर खुब्याचा सांधा झिजलाय, त्याची कळ गुडघ्यात उतरते."

मी म्हणालो, "वर्षभर तेल मी चोळलंय. गुडघाच आहे तो."

"अवो, गप ऱ्हावा," कमळ म्हणाली. "पाय माजा वळवला त्यांनी."

ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा काढून धातूचा बसवला. लंगडणं थांबलं. पण मांडी घालायची नाही, पाटावर बसायचं नाही. सांधा निखळेल म्हणाले.

त्यातच धाकटीचं लग्न ठरलं. भावकी म्हणाली, हिला खाली बसता येत नाही, तर कन्यादानाला थोरला आणि सून बसू देत. कमळ भडकली. "पोरगी माज्या पोटची. मीच बसनार, खुर्चीवर बसनार."

डोंबिवलीच्या हॉलात ती खुर्चीवर बसली. होमापुढे खुर्ची घेणाऱ्यातला मी नव्हे. मी पाटावरच बसलो. भटजींनी तिच्या पदराची माझ्या उपरण्याशी गाठ मारली, तर उपरणं ताणून माझी मान वर खेचली गेली.

"अवो, वर या. फास लागंल, आन् कन्यादान ऱ्हाईल बाजूला."

सगळा हॉल हसला. मी मुकाट्यानं तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. ती हळूच म्हणाली, "आता कसं! नवरदेवावानी दिसताय."

पुढं तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. राख सावडताना तो गोळा मिळाला. काळवंडलेला, पण शाबूत. थोरला म्हणाला, "बाबा, हे अस्थीत नको. हे आईचं नाही."

"मग कुणाचं? ह्याच्याच जोरावर ती लेकीच्या लग्नात माझ्या शेजारी बसली."

कुणाचं ऐकलं नाही. माझ्या हातानं तो मडक्यात ठेवला.

खाडीवर दुसऱ्या एका घरचं मडकं ओहोटीबरोबर तरंगत लांब चाललं होतं. त्यांची माणसं काठावरून बघत होती. आमचं जड. हात सोडला आणि बुडालं. जरा तरंगलं असतं, तर अजून थोडी दिसली असती.