माझ्या नवऱ्याची कागदावरची कमाई

आम्ही दोघी बहिणी कामठ्याच्या. वडिलांची धानाची शेती होती, बांध घालून पाणी अडवलेल्या चार-पाच बांध्या. बाई, म्हणजे माझी मोठी बहीण, सरकारी कचेरीतल्या कारकुनाला दिली आणि ती मुर्रीला राहायला गेली. चार वर्षांनी मला गोरेगावात दिलं. माझ्या नवऱ्याचं बाजाराच्या रस्त्यावर मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपाची मोटार जळली की लोक ती त्याच्याकडे आणायचे, आणि तो जळकी तार उपसून नवी भरून द्यायचा. माझ्या लग्नात वडील कोणाला तरी म्हणाले होते, "मोठी पगारात देल्ली, लहान धंद्यात. पाणी कोणत्या बांधीत थांबते ते पाहू."

पाणी आमच्याच बांधीत थांबणार याची मला खात्री होती. उन्हाळी धानाच्या दिवसांत आमच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागायची. तारेच्या गुंडाळ्या मी घरी करायची. भात शिजेपर्यंत एक सेट तयार. सासू तारेची टोकं धरून बसायची. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला चाळीस हजाराच्या घरात पडायचे, आणि ते सगळे हातात यायचे. भाऊजींचा पगार कागदावर आमच्याहून मोठा होता, पण त्यातून फंड कापला जायचा, विमा कापला जायचा, टॅक्स कापला जायचा.

एका पोळ्याला माहेरी भाऊजींच्या खिशात पगाराची चिठ्ठी सापडली. मी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. प्रत्येक कपात वाचून झाली की थांबायची आणि हसायची. शेवटी मी म्हणाले, "भाऊजी, तुमचा पगार घरी येईपर्यंत रस्त्यातच सांडते."

ते चिडले नाहीत. "सांडत नाही," म्हणाले. "साठून राहिला."

बाई मात्र उठून आत गेली. तिला लागलं होतं, आणि ते मला दिसलं होतं. मला बरं वाटलं. लहानपणापासून नव्या साड्या तिच्या आणि जुन्या माझ्या, हे मी विसरले नव्हते.

पुढे आम्हाला नवी मोटारसायकल घ्यायची होती. बँकेने इन्कम टॅक्सचा रिटर्न मागितला. तोवर आम्ही कधी भरला नव्हता. गोंदियात रिटर्न भरून देणाऱ्या एका माणसाकडे आम्ही दोघं गेलो. त्याने विचारलं, कितना दिखाना है? माझा नवरा म्हणाला, "जेवढी आहे तेवढी लिवा." तो माणूस माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, एकदा आकडा वर गेला की मग खाली आणता येत नाही, कचेरीवाले विचारतात. मी नवऱ्याला गप्प बसवलं आणि सांगितलं, "महिन्याचे दहा हजार लिवा. तेवढ्यात गाडीचं कर्ज भेटते ना?" भेटतं, म्हणाला. वर्षाचे एक लाख वीस हजार लिहिले गेले. नवऱ्याने सही केली. त्यानंतर दर वर्षी तोच आकडा थोडा इकडे तिकडे करून जायचा. दुकानात हिशोबाची वही होती, ती मी बंद करायला लावली. वही म्हणजे पुरावा, असं मला वाटायचं.

भाऊजींना हे कळलं तेव्हा ते मुद्दाम गोरेगावला आले. तेव्हाचा नियम त्यांनी समजावून सांगितला. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर टॅक्स शून्यच येतो, मग कमी कशाला दाखवता? खरं लिहा, एक रुपया जाणार नाही. नवऱ्याला ते म्हणाले, महिन्याला हजार-दोन हजार पेन्शनच्या योजनेतही टाकत जा, नोकरीवाल्याचे सरकार कापून घेते, तुझे कोण कापणार? नवऱ्याला पटलं होतं. मला पटलं नाही. मी चहा ठेवता ठेवता म्हणाले, भाऊजींना आपले पैसे मोजायचे आहेत, बाईला सांगायला. हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की त्यांना ऐकू जावं. ते चहा न घेता एसटीने परत गेले.

नोकरीची दोन वर्षं उरली असताना भाऊजी कचेरीतच गेले. छातीत कळ आली आणि खुर्चीतच संपले. बाईला मूलबाळ नव्हतं. तेराव्यापर्यंत मी तिच्याजवळ राहिले, तिला आंघोळ घातली, घास भरवले. हेही खरं आहे. पण तीन महिन्यांनी तिची कागदपत्रं मार्गी लागली. एकरकमी पैसे मिळाले आणि कुटुंब पेन्शन सुरू झाली. पहिली काही वर्षं पगाराच्या निम्मी, नंतर त्याहून कमी, पण मरेपर्यंत. त्या दिवशी मी तिच्याकडे होते. बँकेचा मेसेज तिने मला वाचायला दिला, कारण तिचा चष्मा सापडत नव्हता. आकडा आमच्या उन्हाळी महिन्याच्या कमाईएवढा नव्हता, पण पावसाळी महिन्याच्या कमाईहून जास्त होता. मी म्हणाले, "तुले काय टेन्शन आहे, बाई? भाऊजी मेल्यावरही पगार देऊनच राहिले."

बाईने मोबाईल माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "तू आता जा. तुझी बस भेटन."

दीड वर्षाने माझा नवरा गेला. दुरुस्त केलेली पंपाची मोटार मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधून तो एका शेतकऱ्याकडे पोचवायला निघाला होता. गोंदिया रस्त्यावर धानाच्या ट्रकने मागून धडक दिली. शेहेचाळीस वर्षांचा होता. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती.

बाई आली. मला वाटलं आता ती माझं वाक्य मला परत देईल. तिने दिलं नाही. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि मुलीच्या चार वर्षांच्या नर्सिंगची फी मी भरीन म्हणाली. तीन वर्षं तिने ती भरली. भाऊजींच्या पेन्शनमधून. दर सहामाहीला मी मुर्रीला जायची, बाईने पैसे मोजून पाकिटात घालून ठेवलेले असायचे, आणि पाकीट देताना ती म्हणायची, "हे त्यायचे आहेत बरं, माझे नाही." प्रत्येक वेळी म्हणायची. एकदाही चुकली नाही.

अपघाताच्या भरपाईचा दावा आम्ही गोंदियाच्या कोर्टात लावला. मी, मुलगी आणि सासू अशा तिघी अर्जदार होतो. आमच्या वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं की भरपाई ही मेलेल्या माणसाच्या कमाईवर ठरते. कमाईचा पुरावा म्हणून त्याने रिटर्न मागितले. मी ते समोर ठेवले. त्याने पाहिले आणि टेबलावर पालथे ठेवले. म्हणाला, वहिनी, या कागदाप्रमाणे तुमचा नवरा कोर्टाबाहेरच्या चहावाल्यापेक्षा गरीब होता.

मग त्याने हिशोब समजावला. गेलेला माणूस पुढे किती वाढला असता तेही कोर्ट धरतं. त्या वयाचा कायम नोकरीवाला असेल तर कमाईत तीस टक्के वाढवतात, स्वतःचा धंदा असेल तर पंचवीस. मी विचारलं, असं काऊन? तो म्हणाला, नोकरीवाल्याचा पगार वाढणार हे ठरलेलं असतं, तुमचं काय ठरलेलं होतं? बाई माझ्या शेजारी बसली होती.

माझी साक्ष झाली त्या दिवशी सासूही कोर्टात होती. सत्तर पार केलेली, कानाने तल्लख. विमा कंपनीचा वकील तरुण होता, आवाज चढवत नव्हता. त्याने रिटर्न माझ्यापुढे धरला.

"ही सही तुमच्या पतीची आहे?"

"हो."

"इथे वर्षाचं उत्पन्न एक लाख वीस हजार लिहिलंय. हे खरं की खोटं?"

खरं म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. आमच्या वकिलाने आधीच बजावलं होतं की कमाई जास्त होती असं ठामपणे सांगा.

"खोटं आहे," मी म्हणाले. "कमाई चाळीस हजार होती, महिन्याची."

"त्याची वही, पावत्या, बँकेत भरणा, काही आहे?"

"नाही."

"म्हणजे तुमचे पती दर वर्षी खोटं लिहून सरकारला फसवत होते."

मला आठवत होतं की दहा हजार हा आकडा कोणाच्या तोंडून निघाला होता. वही कोणी बंद केली तेही आठवत होतं. सांगितलं असतं तर भरपाईत एक रुपया वाढला नसता आणि कमीही झाला नसता. पण सगळे माझ्याकडे पाहत होते आणि तो तिथे नव्हता.

"हो," मी म्हणाले. "ते फसवत होते."

मागच्या बाकावर सासू बसली होती. ती उठली आणि भिंतीला धरून बाहेर गेली.

कोर्टाने कागदच धरला. वरून मोटार बांधून गाडी चालवली म्हणून थोडा दोष माझ्या नवऱ्यावरही टाकला आणि तेवढी रक्कम कापली. जे मिळालं त्यातलं बरंचसं माझ्या आणि मुलीच्या नावाने बँकेत ठेव म्हणून अडकवलं. सासूला तिच्या वाट्याचे दीड लाख हातात मिळाले. परतीच्या वाटेवर ऑटोत बाई म्हणाली, "त्यायनं खरं लिवा म्हणून सांगतलं तेव्हा तू चहाही नाही देल्ला." एवढंच.

सासू माझ्याशी बोलेनाशी झाली होती. ताट वाढलं की जेवायची, तारेची टोकंही धरायची, कारण दुकान आता मी चालवत होते आणि ठेवीच्या व्याजात घर निघत नव्हतं. भारी मोटारी उचलायला एक माणूस ठेवला होता, बाकी काम माझं. महिनाभराने एका दुपारी ती पिशवी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. पिशवीत तिचे दीड लाख होते, बँकेतून काढून आणलेले.

"त्यानं सरकारचे जे बुडवले, ते यातून भरून टाक," ती म्हणाली. "माह्या पोराच्या मांगं चोर म्हणून नाव नको राहायले."

तेव्हा तिला सांगता आलं असतं. काहीच बुडालं नव्हतं. खरा आकडा लिहिला असता तरी टॅक्स शून्यच होता. तुमचा मुलगा खरं लिहायला निघाला होता, मी लिहू दिलं नाही, हे तिला दोन मिनिटांत सांगून झालं असतं. मी पिशवी घेतली. म्हणाले, "उद्या गोंदियाले जाऊन भरते, आई."

दुसऱ्या दिवशी खरंच गोंदियाला गेले. त्या पैशातून गुंडाळीचं मोटारीवर चालणारं मशीन घेतलं, कारण माझ्या मनगटांना आता सूज येत होती. उरलेले मुलीच्या खात्यात टाकले. घरी येऊन सासूला मशीनची पावती दाखवली. तिला वाचता येत नाही. तिने पावतीवर हात फिरवला, ती देवाच्या फोटोमागे ठेवली, आणि किती दिवसांनी मला म्हणाली, "जेवून घे."

पुढच्या महिन्यात बाई घरी आली होती. सासूने कौतुकाने तिला पावती काढून दाखवली, पोराचं देणं फेडलं म्हणाली. बाईला वाचता येतं. तिने पावती शेवटपर्यंत वाचली. मी दाराशी उभी होते. आता बाई बोलणार आणि माझं या घरातलं राहणं संपणार, असं मला वाटलं.

"चांगलं केलं तुमी, मामी," बाई सासूला म्हणाली आणि पावती घडी करून परत दिली.

मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. बस लागली तेव्हा तिने पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाली, "मी सांगणार नाही तिले. पण पोरीची फी आता तूच भर. त्यायचा पैसा तुह्या घरात नको."

शेवटच्या वर्षाची फी मी भरली. मुलगी आता नागपूरच्या एका दवाखान्यात आहे, पगारातून तिचा फंड कापला जातो आणि ती त्याबद्दल कुरकुर करते. मी रिटर्नमध्ये पूर्ण कमाई लिहिते, वही ठेवते, आणि पेन्शनच्या योजनेत महिन्याला दोन हजार टाकते. उशिरा सुरू केलं म्हणून म्हातारपणी फारसं हाती येणार नाही, असं तिथल्या मॅडमने सांगितलं. बाईकडे मी सणाला जाते, ती पाट मांडते, जेवण चांगलं करते, आणि भाऊजींचं नाव माझ्यासमोर काढत नाही.

सासूचं बरं चाललं आहे. ओट्यावर शेजारणी जमल्या की ती सांगते, माझ्या पोराने सरकारचं काही बाकी ठेवलं नाही. कोणी नवीन आलं तर पावतीही आणून दाखवते. मी आत मशीनवर बसलेली असते. मशीनला आवाज आहे, पण तिचं बोलणं सगळं ऐकू येतं.