दुसऱ्याच्या नावाची गाडी

“तिथं बस,” साहेब म्हणाले आणि त्यांनी बोट दाखवले.

बोट खुर्चीकडे नव्हते. कोपऱ्यात एक नवा टायर आडवा पडला होता, त्याच्याकडे होते. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. दोन्ही रिकाम्या.

मी टायरवर बसलो.

धुतलेला सदरा, इस्त्रीची खाकी पँट, पायांत त्या दिवसासाठी दुरुस्त करून घेतलेले बूट. टायरवर बसले की गुडघे छातीशी येतात आणि समोरच्याशी बोलताना मान वर करावी लागते. मी मान वर करून बोललो. ‘साहेब’ म्हणालो. दर वाक्यात म्हणालो. याची मला आज लाज वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती, हे अधिक वाईट.

गिरगावात मोटारींची जी दुकाने होती, त्यांतलेच ते एक. पुढे काचेचे दालन, मागे फरसबंदी अंगण. तिथे नवे ट्रक मिळत. हप्त्यांवर गाडी देण्याचे काम हे साहेब पाहत. ड्रायव्हर लोक त्यांना ‘हप्तेवाले साहेब’ म्हणत. माणूस मराठी, आवाज गोड. खिशावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला. तसाच बिल्ला माझ्याही खिशावर होता. आत शिरताना मला त्याचा मोठा आधार वाटला होता.

मी तेव्हा तिशीतला. लालबागच्या तात्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. गोदीतून कापसाच्या गाठी उचलायच्या आणि गिरण्यांत पोचवायच्या. तात्या मालक, मूळ कोकणातले. संध्याकाळी सभा असली की त्यांच्याच परवानगीने मी भोईवाड्यातली माणसे ट्रकमध्ये भरून शिवाजी पार्कला नेत असे. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” स्टीअरिंगवर बसूनही मी ओरडत असे. गळा बसे. मुंबई आमची, हे मला मनापासून पटलेले होते. त्या ‘आमची’मध्ये आपण किती आहोत, हे मी कधी तपासले नव्हते.

स्वतःचा ट्रक घ्यायचा, हे माझ्यापेक्षा माझ्या पत्नीच्या, यमुनेच्या मनात आधी आले. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिची भिशी, तिच्या आईने दिलेली पुतळ्यांची माळ आणि माझी शिल्लक, एवढ्यावर पहिली रक्कम उभी राहिली. बयाणा भरून मी नंबर लावला. त्या काळी ट्रकसाठी नंबर लावावा लागे. वर्ष उलटून गेल्यावर माझा लागला. आता फक्त हप्त्यांचे कागद व्हायचे होते. त्यासाठी मी टायरवर बसलो होतो.

“राहायला?”

“परळ, साहेब. भोईवाडा.”

“भोईवाड्यात कुठं?”

मी चाळीचे नाव सांगितले. साहेबांनी पेनाला टोपण लावले.

“जामीन कोण?”

मी दोन नावे सांगितली. एक आमच्या चाळीतले शाळामास्तर, दुसरे म्युनिसिपालटीत मुकादम. दोघेही आमच्यातलेच.

“हे चालायचे नाहीत. भाड्याच्या खोलीतला माणूस जामीन चालत नाही. मिळकतवाला आण.”

नियम असेल, असे मी मानले. तेवढ्यात करी रोडचा एक तरुण आत आला. ओळखीचा, ड्रायव्हरच. बरोबर त्याचे मामा, गिरणीत साचेवाले. मामांची खोली करी रोडच्या चाळीत, भाड्याची. मला ठाऊक होते, कारण त्याच चाळीखाली मी ट्रक लावत असे. साहेबांनी मामांना खुर्ची दिली. “या, बसा मामा. गाव कुठलं?” गाव निघाले, गावचा देव निघाला, देवाची जत्रा निघाली. मामा जामीन राहिले. सह्या झाल्या.

मी टायरवरून पाहत होतो.

ते गेल्यावर मी विचारले, “साहेब, त्यांची खोलीपण भाड्याचीच आहे.”

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “हे बघ, मला तुझ्याबद्दल काही नाही. पण उद्या हप्ता चुकला, तर तुमच्या वस्तीत वसुलीला जाणार कोण? आमचा माणूस तिथं पाऊल टाकत नाही.” मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, “एक कर. गाडी तुझ्या शेठच्या नावावर घे. कागद त्याच्या नावाचे, हप्ते तू भर. तुमच्यातले पुष्कळ तसंच करतात. सगळ्यांचं सोयीचं.”

सगळ्यांचे सोयीचे. मी त्यांचे आभार मानले.

तात्यांना विचारले, तेव्हा ते मोठ्याने हसले. “कित्याक काळजी करतंस? मी आसय मां. नाव माझा, गाडी तुझी. तू तर घरातलोच.” फक्त एक अट घातली. गाडीच्या कपाळावर ‘श्री रवळनाथ प्रसन्न’ असे लिहायचे. नाव त्यांचे, तर देवही त्यांचा. मी मान हलवली.

घरी येऊन मी यमुनेला हे सांगितले. ती भाकरी थापत होती. थापटण्याचा आवाज थांबला.

“म्हंजे गाडी कुनाची?”

“आपलीच. फक्त कागदावर तात्यांची.”

“आन् कपाळावर देवाची,” ती म्हणाली. “मग आपली कुठं ऱ्हायली? चाकात?”

मी चिडलो. तुला व्यवहार कळत नाही, असे म्हणालो. ती पुन्हा भाकरी थापू लागली.

आम्ही बौद्ध दीक्षा घेऊन दोन वर्षे झाली होती. देव-देवतांची पूजा करणार नाही, अशी प्रतिज्ञा मी उभा राहून, मोठ्या आवाजात घेतली होती. घरातले देव आम्ही बाहेर काढले होते. आणि गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी सकाळी दादरच्या बाजारात जाऊन नारळ, लिंबे, हळदकुंकू आणि झेंडूचा हार मी स्वतः विकत घेतला. दुकानाचा रिवाजच तसा होता. पूजेचे सामान गिऱ्हाइकाने आणायचे, पूजा झाल्याखेरीज सह्या नाहीत, सह्यांखेरीज किल्ली नाही. नारळ मी कानाशी हलवून, पाणी पाहून निवडला. कुणीही मला जबरदस्ती केली नव्हती. हे मी लपवणार नाही.

अंगणात माझी गाडी उभी होती. तेव्हा ट्रकचा नुसता सांगाडा मिळे: इंजिन, त्यावरचे बॉनेट, चाके, पुढचे मडगार्ड, लांब उघड्या पट्ट्या आणि ड्रायव्हरला बसायला लाकडी खोके. वरचे सगळे बाहेरच्या सुतार-लोहारांकडून बांधून घ्यायचे. तो उघडा सांगाडाही मला देखणा दिसला. तात्या आणि त्यांची पत्नी पुढे उभी. तात्या खुर्चीत नव्हते, तरी सगळे अंगण त्यांच्याकडे तोंड करून होते. भटजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढले, चाकांखाली लिंबे ठेवली. माझ्याकडे पाहून त्यांनी साहेबांना विचारले, “हे कोण?”

“ड्रायव्हर,” साहेब म्हणाले.

“त्यांना जरा मागं उभं राहायला सांगा. पूजा होईपर्यंत.”

मी मागे सरलो. साहेबांवर सांगायची वेळही आणली नाही.

यमुना त्या दिवशी खाडा करून आली होती. तिला मागे सरायचे सुचले नाही. आपण गाडी बघायला आलो आहोत, एवढेच तिच्या मनात होते. ती पुढे गेली आणि मडगार्डवर हात ठेवला. गाईच्या पाठीवर ठेवावा, तसा.

“ए बाई, हात काढ!” साहेबांचा गोड आवाज एकदम फाटला. “पूजा व्हायचीय अजून. तात्या, पाणी शिंपडून घ्या तिथं.”

यमुनेने हात काढला आणि पदराखाली घेतला. तात्यांनी तांब्यात बोटे बुडवली आणि त्या जागेवर पाणी शिंपडले. माझ्याकडे न पाहता. मी त्यांच्या घरातलाच होतो.

टायरवर बसलो, तेव्हा माझे काही तुटले नव्हते. आभार मानले, नारळ आणला, मागे सरलो, तेव्हाही नाही. माझा अपमान मी सवयीने गिळत आलो होतो; त्याला मी शहाणपण म्हणत होतो. पण तो हात वाइंडिंग खात्यात दिवसभर उभे राहून सूत जोडणारा हात होता. ती गाडी त्या हाताची होती. आणि तो हात गाडीला लागला, म्हणून गाडी धुतली जात होती.

“पूजा थांबवा,” मी म्हणालो.

माझा आवाज मोठा नव्हता. भटजी थांबले.

“काय झालं?” साहेबांनी विचारले.

“गाडी माझ्या नावावर करा. नाही तर मी गाडी घेत नाही.”

“तू कोण घेणारा? घेणारे तात्या आहेत.”

“बयाणा माझा आहे. नंबर माझा आहे. सह्या झालेल्या नाहीत.”

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे केले, ठेवला नाही. “अरे, उगाच जातीचं काढू नकोस. आता ते दिवस गेले. आपण सगळे मराठी आहोत.”

“मग त्या करी रोडच्या मराठी माणसासारखे माझेही कागद करा. माझ्या नावावर.”

तात्या पुटपुटले, “माझ्या तोंडाक काळा लावलंस. इतक्या लोकांत.”

“तात्या,” मी म्हणालो, “पाणी तुम्ही शिंपडलंत.”

साहेब कोरडे झाले. नंबर सोडलास तर पुन्हा मिळणार नाही, बयाणा बुडेल, बाकीची रक्कम सावकाश परत होईल, हे त्यांनी एका दमात सांगितले. मी यमुनेकडे पाहिले. बयाण्यात तिची माळ होती. ती म्हणाली, “चला.”

आम्ही निघालो. बयाणा बुडाला. बाकीचे पैसे हेलपाटे घालून, थोडे थोडे परत मिळाले. तात्यांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. माझ्या नंबरावरची गाडी तात्यांनीच घेतली. कपाळावर रवळनाथ मिरवत ती गिरण्यांच्या फाटकांतून ये-जा करी, आणि मी दुसऱ्या मालकाच्या स्टीअरिंगवर बसून तिला वाट देत असे. पुढे राज्य झाले. चाळीत दिवे लागले, मीही लावले. आनंद खरा होता. तो मी नाकारत नाही. पण दुसऱ्याच महिन्यात मी पुन्हा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा नव्या साहेबांनी विचारले, “भोईवाड्यात कुठं?”

यात माझा विजय शोधू नये. मी काही जिंकलो नाही. यमुनेची माळ परत आली नाही. पूजा थांबवली त्या संध्याकाळी घरी मी तिची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, “मापी मला नका मागू. परत असं करनार का, त्येवढं सांगा.”

मी तिला सांगितले, तेच इथे लिहितो. माझ्या घामावर मी दुसऱ्याचे नाव लागू देणार नाही. ते नाव कितीही प्रेमाने पुढे केलेले असो. मालक झालो तर माझ्या नावाने होईन. नाही तर होणार नाही.

झालो नाही. आज पन्नाशी ओलांडली आहे. अजून परक्या गाड्या चालवतो. माझा अर्ज दरवर्षी जातो. त्यावर नाव माझे असते, पत्ता भोईवाड्याचा असतो आणि जामीन आमच्यातलाच असतो. ते नाकारतात. मी पुढच्या वर्षी पुन्हा भरतो. नाकारायचे असेल तर त्यांनी दरवेळी माझे नाव वाचून नाकारावे.