मालनने परत केलेली गाडी

मालन इंगोलेने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये त्याची बरीच चर्चा झाली. मुलुंडला आम्ही एकाच मजल्यावर राहतो, दारासमोर दार. ती मूळची हिंगोलीकडची. लग्न होऊन इकडे आली आणि पुढे बालवाडीत शिकवायला लागली. नवरा चंद्रप्रकाश कारखान्यात फिटर होता. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. व्यायामासाठी त्याला घाटकोपरला न्यावं लागायचं. रिक्षावाले थांबायचे, त्याच्याकडे बघायचे आणि गॅस भरायचाय म्हणून निघून जायचे. एकदा असंच ताटकळून परत आल्यावर मालन म्हणाली, "मीरा, मीच शिकते गाडी. किती दिवस लोकांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं गं?"

लायसन्स मिळाल्यावर गाडी बघायला तिने मला बरोबर नेलं. भांडुपला मिथुन नावाच्या डीलरकडे जुन्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. तरुण, गोडबोल्या माणूस. "मावशी, डॉक्टरची गाडी आहे. घर ते दवाखाना, बास. एकदम झकास कंडिशन."

"अपघात वगैरे झालेला नाही ना?" मालनने विचारलं.

"अजिबात नाही."

"दुसरं काही सांगण्यासारखं?"

"असतं तर तुमच्यासारख्या माणसाला दिली असती का?"

मालनने बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि होकार दिला. आत अत्तराचा वास इतका भरलेला होता, की मी काच खाली केली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढचे काही आठवडे त्या घरात फार छान गेले. चंद्रप्रकाश पुढच्या सीटवर बसायचा. बोलणं त्याला जमत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज त्याला कळायचा. गिअर बदलायची वेळ झाली की डाव्या हाताने तो मांडीवर थाप मारायचा. मालन म्हणायची, "आजारपणात पहिल्यांदाच हे मला काहीतरी शिकवतायत."

मे महिन्यात, भर दुपारी, विक्रोळीजवळ हायवेवर गाडी अचानक बंद पडली. एसी गेला, काचा खाली होईनात. मालन आपल्या बाजूने कशीबशी उतरली आणि धावत पलीकडे गेली, तर चंद्रप्रकाशच्या बाजूचं दार आतूनही उघडेना, बाहेरूनही उघडेना. काचेतून तो तिच्याकडे बघत होता, घामाने भिजलेला, डाव्या हाताने हँडल ओढत. गाड्या हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या. शेवटी एका टेम्पोवाल्याने टेम्पो कडेला लावला, मालनच्या दारातून आत शिरून त्याने चंद्रप्रकाशला काखेत धरलं आणि सीटवरून ओढत बाहेर काढलं. त्याची नडगी सोलवटली होती. घरी आल्यावर दोन दिवस तो जेवला नाही.

गाडी आमच्याकडच्या धाकूच्या गॅरेजमध्ये नेली. त्याने पायाखालचं मॅटिंग उचकटलं, तर खाली वाळलेल्या गाळाचा थर. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला; आतल्या पट्ट्यावर पाण्याची तपकिरी रेघ होती. "ताई, ही गाडी पाण्यात बसलेली आसा," तो म्हणाला. "इंजिन चालला तरी वायरी आतून कुजल्यात. दाराचो लॉकपण गंजलो." मालनने सगळ्याचे फोटो काढले आणि त्याच्याकडून तसं लिहून घेतलं.

मिथुनने फोटो पाहिले आणि खांदे उडवले. "मावशी, सेकंडहँड आहे. 'जशी आहे तशी' म्हणून सही केलीय तुम्ही."

"जशी आहे तशी तू सांगितलीस कुठे?" मालनचा आवाज चढला नव्हता. "जुनी म्हणून घेतली मी. बुडालेली म्हणून नाही घेतली."

मालनची मुलगी श्वेता पुण्यात असते. तिने ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दिला, १९१५. पलीकडच्या बाईने शांतपणे समजावलं की माल जुना असला तरी विकण्याचा धंदा करणाऱ्याला मोठा दोष लपवता येत नाही. आधी लेखी नोटीस द्या, उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. वकील नसला तरी स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. हे शेवटचं ऐकल्यावर मालन मला म्हणाली, "बालवाडीत पोरांची भांडणं सोडवलीत मी. बोलता येतं मला."

नोटिशीला उत्तर आलं नाही. तक्रार दाखल झाली आणि तारखा सुरू झाल्या. गाडी खाली झाकून ठेवलेली. घाटकोपरला जाणं पुन्हा रिक्षांच्या मर्जीवर. मिथुनच्या वकिलाने सांगितलं की तो नुसता मध्यस्थ आहे, व्यवहार मूळ मालकाशी झाला. आयोगाच्या सदस्यबाईंनी विचारलं, "मग जाहिरात कोणाची होती? आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले?" वकील कागद चाळत राहिला.

त्याच दिवशी बाहेर पॅसेजमध्ये मिथुन आमच्याजवळ आला. "मावशी, मिटवून टाकू. सगळे पैसे परत देतो. तुम्ही केस मागे घ्या, गाडी मी घेऊन जातो."

मला वाटलं, सुटलो. पण मालनने विचारलं, "गाडीचं काय करणार?"

"बघतो ना दुसरं गिऱ्हाईक."

"त्याला सांगणार, पाण्यात बुडालेली म्हणून?"

तो हसला. "मावशी, तुमचं काम झालं ना? मग?"

"नाही झालं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

घरी हे ऐकून चंद्रप्रकाश संतापला. गादीवर हात आपटत, मोठ्या कष्टाने म्हणाला, "बास... आता." त्याचंही खरं होतं. त्याचे व्यायाम चुकत होते, हात पुन्हा आखडत चालला होता. मालन त्याच्याजवळ बसली. "पैसे घेतले असते तर बरं झालं असतं, मला कळतं. पण त्या काचेच्या आत तुम्ही होतात हो. आता दुसऱ्या कोणाला कसं बसवू मी तिथे?" त्याने भिंतीकडे तोंड केलं. मग डाव्या हाताने तिचा हात धरला. मी माझ्या घरी आले. तिच्या जागी मी असते तर पॅसेजमध्येच सही केली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. तिचं बरोबर की त्याचं, हे मात्र आजही मला ठामपणे सांगता येत नाही. हट्टाची किंमत दोघांनी मिळून मोजली, आणि त्यातली जास्त त्याच्या अंगावर आली.

निकाल मालनच्या बाजूने लागला. पैसे परत, वर त्रासाची भरपाई, आणि ती गाडी दोष लेखी सांगितल्याशिवाय कोणालाही विकायची नाही, असा स्पष्ट आदेश. मिथुनने तरीही टाळाटाळ केली; अंमलबजावणीसाठी मालनला आणखी एक अर्ज करावा लागला, तेव्हा कुठे पैसे आले आणि गाडी त्याच्याकडे परत गेली. बुडालेली म्हणून सांगितल्यावर ती गाडी घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी ती भंगारात गेली, असं धाकूने सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात मालनने पुन्हा गाडी घेतली. बोरीवलीच्या मनाली नावाच्या बाईची होती. तिने चावी देण्याआधीच सांगितलं, "क्लच जड आहे हं. आणि मागच्या दाराला पोचा आहे, तो माझ्याच हातून पडलाय." धाकूने सगळी तपासली आणि मान हलवली. मालनने घासाघीस केली नाही. परतताना क्लच दाबून दाबून तिचा पाय भरून आला आणि ठाण्यापर्यंत ती कुरकुरत होती. चंद्रप्रकाश शेजारी बसून मांडीवर थापा मारत होता, जरा जास्तच भराभर. "अहो, थांबा की," ती म्हणाली, "आता येतं मला."