फाटक्या आवाजातलं गाणं

मनीषनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू शिलाई मशीनवर बसल्या की येशूची गाणी म्हणायच्या. चर्चच्या क्वायरमध्ये त्या नेहमी पुढे उभ्या राहत, आणि आपला आवाज गोड आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज मात्र घोगरा, फाटका झाला. कित्येक महिने नुसती मशीनच ऐकू यायची. "तेव्हा मी देवावर रुसली होती," असं काकू स्वतःच सांगतात.

एका रविवारी मी त्यांना स्कूटीवरून चर्चला घेऊन गेले आणि आम्ही मागच्या बाकावर बसलो. गाणं सुरू होताच काकू उठल्या आणि क्वायरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. सूर फाटत होता. माणसं वळून पाहू लागली, कुणीतरी हसलंही. काकूंचे कान लाल झाले, पण शेवटच्या कडव्यापर्यंत त्या थांबल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, काहून इतका त्रास करून घेता?"

"आवाज चांगला होता तेव्हा मी लोकायले ऐकवत होती वं," त्या म्हणाल्या. "देवासाठी तर आजच गायली. पुढच्या रविवारीही गाईन."