शेलूबाजारचा नारळ

आमची सतरा सीटची गाडी धुवायला काढली की सीटखाली शेंगांची टरफलं निघतात, कुणाची तरी एकच चप्पल निघते आणि एखादा विसरलेला किस्सा निघतो. टरफलं आणि चप्पल फेकून देतो. किस्से मात्र साठत गेलेत, त्यांना कुठे ठेवायचं हाच प्रश्न आहे!

मी शेलूबाजारचा. आधी मंगरूळपीरच्या लाईनवर जीप चालवायचो, आता टूर काढतो. सोयाबीन घरात आलं आणि तुरीला अजून अवकाश असला की आमच्याकडे लोकांना फिरायची हुक्की येते. मग मी त्यांना रत्नागिरीला नेतो आणि एका दिवसापुरतं मंदारच्या हवाली करतो. मंदार तिथला गाईड. सकाळी किल्ला, दुपारी घरगुती जेवण, मग समुद्रावर पॅरासेलिंग आणि बोट, असा त्याचा वन डे प्रोग्राम. पोरगा गोड, कधी आवाज चढवत नाही. आवाज चढवायची संधी आमच्या लोकांनी त्याला भरपूर दिली. हे सगळे किस्से मागच्या हिवाळ्यातल्या एकाच फेरीचे.

*

शेषराव काका मंगरूळपीरजवळ भाजीपाला पिकवतात. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. निघताना त्यांनी एक भरलेलं पोतं गाडीच्या टपावर चढवलं. मी विचारलं नाही. वीस वर्षं लाईनवर काढलेला माणूस पोत्याबद्दल विचारत नाही.

रत्नागिरीत मंदारनं ते उतरवून घेतलं. "काका, काय आहे यात?"

"सैपाक."

मंदारनं पोत्याचं तोंड सोडून पाहिलं. आत गोवऱ्या होत्या! काकांना संध्याकाळी किनाऱ्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे लावायचे होते, आणि रोडगे गॅसवर होत नाहीत. मंदारनं एक गोवरी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाला, "तुमच्याकडे याला मीठ लावतात का?"

*

आसेगावच्या कौसल्याबाईंचं सामान मात्र एवढंसं होतं. एका पिशवीत हिरवा खण, तांदूळ, हळदकुंकू आणि शेलूबाजारातून घेतलेला, लाल दोरा गुंडाळलेला एक नारळ. त्यांचा विनोद मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. आसेगावातून जहाजावर गेलेला मला माहीत असलेला तो पहिलाच. चार-चार महिने फोन लागत नाही. बाईंना ना किल्ला पाहायचा होता, ना बोटीत बसायचं होतं. पाण्याची त्यांना भीती वाटते. पोरगा ज्याच्या भरवशावर आहे त्या समुद्राची ओटी भरायची, एवढ्या एका कामासाठी त्या आल्या होत्या.

मी म्हटलं, "काकू, कोकणात कोणी नारळ घेऊन जातं का? तिथं ढिगानं मिळतात."

"तिथला नारळ त्याच्या घरचाच झाला ना भौ. त्याच्या घरचं उचलून त्यालेच देऊ का?"

मी गाडी समृद्धी महामार्गावर चढवली.

*

दुपारचं जेवण मंदारच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी. केळीच्या पानावर मोदक, माशाची आमटी, वाटीत गुलाबी सोलकढी. आमच्या लोकांनी सगळं कौतुकानं पाहिलं आणि मग पाच जणांच्या पिशव्यांतून ठेच्याचे पाच डबे बाहेर आले.

काकूंना वाईट वाटलं. ते दिसत होतंच. म्हणून शेषराव काकांनी त्यांना बोटभर ठेचा दिला. काकूंनी तो तोंडात टाकला, तशाच आत गेल्या आणि दहा मिनिटं आल्याच नाहीत. मंदार घाबरला. मीही घाबरलो.

बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल, नाक लाल. हातात एक रिकामी वाटी होती. "एवढी भरून द्याल?"

*

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे राठोड गुरुजी, रिटायर्ड. त्यांनी पॅरासेलिंग करायचं ठरवलं. सगळ्यांनी अडवलं, ते ऐकेनात. दोर ताणला आणि गुरुजी धोतरासकट वर गेले!

खाली आम्ही माना वर करून उभे. पाहतो तर गुरुजी वर मजेत फोनवर बोलतायत. खाली आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं गुरुजी?"

"नेटवर्क लय भारी हाय वर," गुरुजी म्हणाले. "तांड्यावर टेकडीवर चढलं तरी असं भेटत नाई."

*

शेषराव काका विहिरीत पोहायला शिकलेले. सोबत आणलेले, कमरेला बांधून तरंगायचे, दोरीनं जोडलेले दोन वाळके भोपळे. मंदारनं लाईफ जॅकेट पुढे केलं तर म्हणाले, "याच्यावर म्या तीन पोरं शिकवले. तुह्या जाकिटानं किती शिकवले?"

मग त्यांनी कमरेवर हात ठेवून समुद्राकडे पाहिलं. "हे पानी कोन्या पिकाले जाते?"

"कुठल्याच नाही काका. खारं आहे."

"एवढं पानी," काका म्हणाले, "आन् कांद्याचा एक वाफा भिजत नाई!" आणि समुद्राकडे पाठ करून बसले.

*

तेवढ्यात कौसल्याबाई पाण्याशी गेल्या. खण, तांदूळ, हळदकुंकू, वर नारळ. हात जोडले. लाट आली, सगळं घेऊन गेली. दुसऱ्या लाटेनं नारळ त्यांच्या पायाशी आणून ठेवला.

त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा आला. तिसऱ्यांदाही आला. मग बाई वाळूत बसल्या. चहा नको, पाणी नको.

गुरुजींनी समजावलं, "बाई, भरती हाय. भरतीत वस्तू काठाले येतेच."

"मले भरती-बिरती समजत नाई गुरुजी. त्यानं वटी घेतली का नाई घेतली, तेवढं सांगा."

मी आजवर पुष्कळ प्रवासी रुसलेले पाहिलेत, त्यांना हसवूनही आणलंय. त्या दिवशी मी चहाचा कप घेऊन तसाच परत फिरलो.

मंदार म्हणाला, "मावशी, बोटीनं आत जाऊ. खोल पाण्यात सोडू."

बाई एकदा बोटीकडे पाहत, एकदा हातातल्या नारळाकडे. मग उठल्या. मंदारनं त्यांना लाईफ जॅकेट घातलं. शेषराव काकांनी न विचारता त्यावरून आपले दोन्ही भोपळे बांधले. बाई डोळे गच्च मिटून बोटीत बसल्या, खोलात गेल्या, नारळ सोडला, परत आल्या. मग दोन कप चहा प्यायल्या. किनाऱ्यावर रोडगे झाले, मंदारनं चार खाल्ले आणि पोत्याची माफी मागितली.

दिवस बुडायला आला. मी गाडी काढायला निघालो तर पाण्याच्या कडेला काहीतरी गोल. जवळ गेलो. लाल दोरा.

मी पटकन पायानं त्यावर वाळू लोटली. शेषराव काका येऊन माझ्यापुढे आडवे उभे राहिले. पण बाईंनी पाहिलंच. आमच्या दोघांच्या मधून त्या वाकल्या, नारळ उचलला, पदरानं पुसला. मंदार खाली वाळूकडे पाहत होता.

"काठावरून देला, आनून देला," त्या हळू म्हणाल्या. "पार खोलात नेऊन देला, तरी आनून देला."

नारळ त्यांनी पिशवीत ठेवला आणि पहिल्यांदाच समुद्राकडे नीट पाहिलं.

"म्हंजे कोनाचं ठेवून घेत नाई हा. चाल भौ, काढ गाडी!"