परक्या नावेचा डाव

नरहरी भित्रा होता. हे त्याच्या पाठीमागे कुजबुजायची कुणाला गरजच नव्हती, तो स्वतःच सांगत सुटायचा. पाल चुकचुकली की भ्यायचा, मालगाडीची शिटी अवचित वाजली की भ्यायचा, आणि साहेबाने नाव घेऊन हाक मारली तर त्याच्या तोंडचं पाणीच पळायचं. समुद्राकाठच्या नवापूरहून बोईसरकडे येणाऱ्या वाटेवर त्याची केळी-चिकूची वाडी होती, आणि नोकरी बोईसरच्या एका कारखान्यात, माल बांधायच्या खात्यात. असल्या माणसाने तारापूरच्या अणुभट्टीच्या इतक्या जवळ जन्माला येऊ नये. पण जन्म काय कुणाला विचारून मिळतो?

आणि एकोणऐंशी साली पेपरात आलं, अमेरिकेची स्कायलॅब आता खाली पडणार. आभाळात फिरणारी घराएवढी प्रयोगशाळा, आणि ती नेमकी कुठे पडेल ते सांगता येत नाही म्हणे. सांगता येत नाही म्हणजे तारापुरावरच, नरहरीचं गणित सरळ होतं! त्यातून त्याची बायको मंदा पोटुशी, आठवा सरत आलेला. पहिलं मूल हाती लागलंच नव्हतं. हे एवढं वाचू दे, बाकी माझं काहीही कर, असं तो उठता-बसता देवाला विनवायचा.

एका संध्याकाळी मंदाने विचारलं, "अहो, त्यात कोन बसलंय का?"

"कोन नाय. रिकामीच हाय."

"पन बसलेलं असतं तर?"

झालं! नरहरीच्या डोक्यात भुंगा शिरला. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून टाकाऊ पुठ्ठा आणला, त्यावर चुन्याच्या बोटाने तारे काढले, आईच्या डब्यातले चिंचोके ओतून घेतले आणि ओटीवर खेळ मांडला. एकेका ताऱ्यावर एकेक राष्ट्र. दोन ताऱ्यांमध्ये अंतर एवढं, की आजाने धाडलेला निरोप नातवाला मिळायचा. खेळणाऱ्याने आपण कोण ते विसरायचं आणि राष्ट्र म्हणून बोलायचं. चिंचोके म्हणजे राष्ट्राचं धान्य, जळण, सगळं काही. अन् मग कुठल्या तरी अंधारातून एक परकी नाव तरंगत येणार. तिची भाषा ठाऊक नाही, तिला काय हवंय ठाऊक नाही. आता राष्ट्राने काय करायचं?

शेजारच्या वाडीतला धर्माजी पहिल्या दिवसापासून खेळात. आडदांड गडी, आवाज असा की केळीची पानं हलावीत. त्याने राष्ट्राचं नाव ठेवलं धर्मलोक. नरहरीच्या आईने, माईने, आपल्या राष्ट्राला नाव दिलं माहेर. मंदा म्हणाली, "मी नाव नंतर ठेवीन, आदी बघू कोन येतंय ते." परकी नाव चालवायचा नरहरी. तो पुठ्ठ्याच्या कडेला एक काळा चिंचोका ठेवायचा आणि हळूहळू पुढे सरकवायचा. डोळे मोठे करायचा. मंदाच्या अंगावर खरंच काटा यायचा.

पण खेळ काही केल्या रंगेना. कारण नियम नरहरीने केला होता आणि नरहरी पडला भित्रा. नियम असा, की जो आधी दगड मारील त्याला समोरच्याचे सगळे चिंचोके. भ्यालेल्या माणसाला याहून बरोबर दुसरं काय वाटणार? काळा चिंचोका जरा पुढे सरकला की धर्माजी मांडीवर थाप मारून ओरडायचा, "आदी दगड!" की संपला डाव. परक्या नावेचा नरहरी तोंड उघडायच्या आतच मेलेला. रोज धर्माजी जिंकायचा आणि रोज चिंचोके मुठीत खुळखुळवत घरी जायचा.

माई एकदा वैतागली. "ह्यो काय खेल झाला रे? दारात कोन आलं तर त्याने हाक मारावी, आपून पानी द्यावं. आदी पानी, मंग इचारपूस. तुझ्या बापाच्या येळेपासून हेच चाललंय."

"आणि पानी पिऊन त्याने नरडं धरलं तर?"

"तर धरलं," माई म्हणाली. "आता काय करतोस!"

नरहरीला ते पटलं नाही. देवावर हवाला ठेवून जगता येतं एक वेळ, खेळ रचता येत नाही, असं तो म्हणाला आणि नियम होता तसाच ठेवला.

मग तो दिवस उजाडला, ज्या दिवशी स्कायलॅब पडणार म्हणून छापून आलं होतं. कारखान्यात निम्मे लोक आलेच नव्हते. कुणी म्हणे भट्टीवरच पडणार, कुणी म्हणे पडो न पडो, चोर सुटलेत, भ्यालेली घरं लुटतायत. नरहरी अर्ध्यावर काम टाकून सायकलवरून घरी पळाला. वाडीच्या कवाडीला आतून दोरखंड बांधलं, मंदाला आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः कोयता घेऊन ओटीवर बसला. नवापूरच्या बाजूला धर्माजीची वाडी. तो कुंपणापलीकडून ओरडला, "भिऊ नको रे नरहरी! मी दगडांचा ढीग लावलाय!"

दिवेलागण झाली. माईने तुळशीपाशी दिवा ठेवला आणि नरहरीने मान वर केली, तर कवाडीबाहेर माणसं उभी!

तीन-चार असावीत. हालत नव्हती, बोलत नव्हती, नुसती उभी. पाहुणा असता तर त्याने हाक मारली असती, चोर असता तर तो लपला असता. हे कोण? कोयता ओटीवर पडला आणि ओटीच्या पायरीशी पडलेला एक दगड नरहरीने उचलला. कसा उचलला, कधी उचलला, त्याचं त्याला कळलं नाही.

मागून मंदाचा आवाज आला. सांगितलेलं न ऐकता ती दारात येऊन उभी होती. "अहो, ती मानसं बोलत का नायत?"

हात वर गेलेला तसाच राहिला. का बोलत नाहीत? अरे, परकी नाव रोज तोच तर चालवत होता. तो तरी कधी बोलला होता? धर्माजीचा हात मांडीकडे जाताना बघून त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, खेळ असून चिकटायची.

दगड खाली पडला. नरहरीने तुळशीजवळचा पाण्याचा तांब्या घेतला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. कवाडीच्या खालच्या फटीतून तांब्या बाहेर सरकवून तो चार पावलं मागे पळाला. "पा... पानी हाय," एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

एक माणूस पुढे आला. कमरेला कोयती, पोटऱ्यांपर्यंत शेतातला चिखल. डोंगरातला होता, भाताच्या आवणीला, रोपं लावायला खाली आलेला. त्याने तांब्या उचलला, पण प्याला नाही. मागच्या बाईकडे दिला. तिच्या पाठीला झोळी, झोळीत तान्हं मूल, आणि झोळीवर धरलेला तिचा हात कोपरापासून फाटून रक्ताने भरला होता.

"काय झालं?" नरहरीने विचारलं.

"दगड," तो म्हणाला. त्याचं नाव बुधा, बाई त्याची बायको पारू, बरोबर म्हातारे आईबाप. आभाळ पडतंय म्हणून काम सोडून घराकडे निघाले होते. "पोराला पानी मागाया मागल्या वाडीवर हाक मारली. हाक मारली नि दगड आला. म्हून हितं नाय मारली."

नरहरी मटकन खाली बसला. मागली वाडी धर्माजीची. आणि रोज दगड मारल्याबद्दल धर्माजीची मूठ चिंचोक्यांनी भरली होती कुणी?

तेवढ्यात धर्माजीच धावत आला, दम लागलेला, छाती फुगलेली. "नरहरी! आदी दगड! पलाले रे सगले, पलाले!" आणि कवाडीपाशी येऊन तो खिळल्यासारखा उभा राहिला.

माई तोवर दोरखंड सोडत होती. "ये धर्मा," ती म्हणाली. "तुझेच पावने हायत. मला तिच्या हाताला हलद दाबायची हाय. पोराला धर."

धर्माजीने पोर घेतलं. एवढा आडदांड माणूस, पण काचेचं भांडं धरावं तसं त्याने ते दोन्ही हातांनी धरलं. पोर त्याच्या तोंडाकडे टकामका बघत राहिलं, त्याला काय ठाऊक! "पारूबाय," धर्माजी म्हणाला, आणि पोर सांभाळत तिच्यापुढे खाली बसला.

स्कायलॅब पडली ती लांब कुठे तरी समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात. बुधाची माणसं उजाडल्यावर डोंगराकडे गेली. मंदाला पुढच्या महिन्यात मुलगी झाली, धडधाकट. नरहरी मात्र पुढेही जन्मभर भित्राच राहिला. गाडीच्या शिटीला भ्यायचा, पालीला भ्यायचा, आणि आता लेकीच्या साध्या खोकल्यालाही भ्यायला लागला.

खेळ बरीच वर्षं चालला. नरहरीने खेळातून दगड काढला नाही. लोकांच्या हातात दगड असतोच, तो खेळातून काढून काय होणार, असं म्हणायचा. फक्त दगड मारल्याबद्दल मिळणारे चिंचोके बंद झाले आणि पुठ्ठ्याशेजारी एक भरलेला तांब्या आला. परकी नाव आता धर्माजी मागून घ्यायचा, दुसऱ्या कुणाला चालवू द्यायचा नाही. पुठ्ठ्याच्या कडेला काळा चिंचोका ठेवायचा आणि हात बांधून गप्प बसायचा. एरवी गाव डोक्यावर घेणारा माणूस, इथे एक शब्द नाही. समोर नरहरीची लेक, तिच्या एका हाताशी दगड, दुसऱ्या हाताशी तांब्या. धर्माजी तिच्या हातांकडे बघत राहायचा. आणि नरहरी, खेळ स्वतःच रचलेला, तरीही तिचा हात कुठे जातो म्हणून दर वेळी जीव मुठीत धरून बसायचा.