कोरगावच्या काजू कारखान्यातलं गाऱ्हाणं

गुरुदासचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कोरगावातली कुत्रीही त्या वेळी उठलेली नसत. काजूच्या कारखान्यात जाऊन आदल्या दिवशीची राख ओढायची, बॉयलरमध्ये टरफलं टाकायची, आग धरवायची, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची. बिया नीट उकडल्या नाहीत तर फोडताना आतला गर तुटतो. तुटक्या गराला सोलणारीला कमी दर मिळे. म्हणजे बॉयलरवाल्याने डुलकी काढली तर मजुरी त्याची कापली जात नसे, सोलणारीची कापली जाई. हे गुरुदासला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने कधी डुलकी काढली नाही. कामात त्याला कोणी नाव ठेवलं नाही. त्याला शरम वाटते ती कामाची नाही.

त्या कारखान्यात पूर्वी पणजीहून एक पुढारी यायचा. भाषण करायचा, मग पात्रांवच्या घरी जेवायचा. पात्रांव म्हणजे मालक. जेवण झालं की तंटा मिटलेला असे, कसा मिटला ते कामगारांना नंतर कळे. शेवटी सोलण्याच्या टेबलावरची देवकी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "पुढारी कित्याक होयो? आमी काय मुकी?"

तिथून सुरुवात झाली. प्रत्येक टेबलाने, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या प्रत्येक गटाने, आपलं एक माणूस निवडायचं. टेबलावर जे ठरेल तेच त्याने खळ्यातल्या, म्हणजे कारखान्याच्या अंगणातल्या, बैठकीत बोलायचं. पात्रांवच्या केबिनमध्ये गेलं तर ऐकून घ्यायचं, तिथे काही कबूल करायचं नाही. बाहेर येऊन सगळ्यांना विचारायचं. ज्याने हे मोडलं त्याला टेबलाने दुसऱ्या दिवशी उतरवायचं. पगारी पुरुष आणि किलोवर सोलणाऱ्या बायका, सगळे एकाच बैठकीत. एवढंच. यात कोणी अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती, झेंडाही नव्हता.

पहिल्याच मोसमात त्यांनी वजनकाट्याचं तोंड फिरवून घेतलं. तोवर काट्याचा आकडा फक्त मुकादमाला दिसे. दोन दिवस सगळे हात बांधून बसले, तिसऱ्या दिवशी आकडा सोलणारीला दिसू लागला. गुरुदासने त्या दोन दिवसांत बॉयलर पेटवला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो उजाडेपर्यंत झोपला, आणि तरी त्याला दमल्यासारखं वाटत होतं.

केबिनमध्ये बोलायला गुरुदासला निवडलं, त्याला कारण होतं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. जत्रेला, शिमग्याला, कोणाच्या नवसाला तो नारळ घेऊन देवापुढे उभा राही आणि सगळ्यांचं मागणं मोठ्याने मांडी. एकेका मागण्याला मागची माणसं "व्हय महाराजा" म्हणत. ते म्हणताना कोणी विचार करत नाही. जांभई बघून जांभई यावी तसं तोंडातून येतं.

"ह्याचा देव ऐकता, तर पात्रांव ऐकूचो नाय?" फोडणाऱ्यांनी निवडलेला पांडुरंग म्हणाला. तो बांद्याकडचा, सगळ्यांना चिडवायचा.

"देव पगार वाढयना नाय रे," देवकी म्हणाली. "गुरुदादा, ठरलां तितक्याच बोल. नारळ फोडू नको."

मोपाचा विमानतळ सुरू झाला त्या वर्षीची ही गोष्ट. मागणं एकच होतं. पगारवाढ सगळ्यांना, आणि सोलणाऱ्या बायकांची नावं हजेरीपटावर. एकाला मिळून दुसऱ्याला नाही, असं चालणार नाही. गुरुदास आणि पांडुरंग केबिनमध्ये गेले.

एरवी "ए गुरुदास" म्हणणारा पात्रांव उठून उभा राहिला. "गुरुदासबाब, बसा." कॉफी आली. कपाला बशी होती.

"तुम्ही पक्के कामगार. तुमची वाढ मी आजच देतो," पात्रांव म्हणाला. "सोलायचं मशीन येतंय. बायकांचं मला आज काही बोलता येणार नाही. पुढच्या मोसमात बघू."

"बाहेर विचारून सांगतो," गुरुदास म्हणाला.

"विचारता कोणाला? देवाकडे सगळ्यांच्या वतीने तुम्हीच बोलता ना?"

गुरुदासला बरं वाटलं. नंतर त्याला सर्वांत जास्त लाज याचीच वाटली, की बरं वाटलं. घरात गौरेश, त्याचा मुलगा, दोन वर्षं रिकामा बसला होता. वाढ मिळाली तर त्याला काहीतरी उभं करून देता येईल, हेही मनात आलं. पांडुरंग पायाकडे बघत होता. त्याचीही वाढ होतीच. पात्रांवने पुढे केलेल्या कागदावर गुरुदासने सही केली, त्याखाली पांडुरंगने केली.

खळ्यात सगळे उभे होते. काय झालं ते सरळ सांगायचं तर देवकीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. गुरुदासने डोळे मिटले, हात जोडले आणि देवळातला आवाज काढला.

"बा देवा महाराजा, आज ही तुझी लेकरां एका जाग्यार उबी आसत."

"व्हय महाराजा."

"पक्क्या माणसांक वाढ मेळाली, ती तशीच ऱ्हवांदे."

"व्हय महाराजा."

"सोलणाऱ्यांचो इचार पुढल्या मोसमाक होवंदे."

"व्हय महाराजा."

बायकासुद्धा म्हणाल्या. मान खाली घालून, हात जोडून म्हणाल्या. मग माना वर झाल्या.

"गुरुदादा," देवकी म्हणाली, "ह्यां कोणी ठरवलां?"

"आता सगळ्यांनी व्हय म्हटलां नाय?"

"आमी देवाक व्हय म्हणतो. तुका न्हय."

चुकून झालं असं म्हणण्याचीही गुरुदासला सोय नव्हती. आवाज काढला तेव्हाच त्याला ठाऊक होतं, की लोक व्हय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे त्याला उतरवलं. त्याच्याच बॉयलरच्या टेबलाने उतरवलं, आणि पांडुरंगला फोडणाऱ्यांनी. देवकीने बैठकीत सांगितलं, "आजपासून तोंडान कोणी व्हय म्हणूचा नाय. हात वर करा, म्हणजे दिसतला."

पण कागद झालेला होता. सोलणाऱ्या बायकांनी काम बंद केलं. पुरुषांनी खूप चर्चा केली. वाढ तर मिळाली आहे, बायकांचं पुढच्या मोसमात होईल, उगाच हातचं कशाला घालवा. गुरुदास बैठकीत बसून हे ऐकत होता. एक गोष्ट त्याच्या हातात होती. वाफ नसेल तर बिया उकडत नाहीत, बिया उकडल्या नाहीत तर कारखाना बंद पडतो. काट्याच्या वेळी त्याने हेच केलं होतं.

पहाटे चारला तो उठला. चंद्रावती, त्याची बायको, अंथरुणातून म्हणाली, "आज जातास?" त्याने चपला घातल्या. राख ओढली, टरफलं टाकली, आग धरवली. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. बायका फाटकाबाहेर बसल्या होत्या. धुरांड्यातून धूर निघाला तेव्हा त्यांनी वर बघितलं. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मशीन आलं. पुढचा मोसम आला, तेव्हा सोलण्याची टेबलं नव्हती. काही बायका म्हापशाला हॉटेलांतल्या चादरी धुवायला लागल्या. देवकी आणि आणखी काही जणी गावाबाहेरच्या एका पडक्या शेडमध्ये बसल्या. स्वतः बिया घ्यायच्या, स्वतः उकडायच्या, फोडायच्या, सोलायच्या. मालक कोणी नाही. दर सगळ्यांनी मिळून ठरवायचा, शेडची चावी दर आठवड्याला दुसऱ्या बाईकडे.

गुरुदास एका संध्याकाळी पैशांचं पाकीट घेऊन तिथे गेला. देवकी हाताला राख चोळत होती. टरफलांचं तेल हाताला लागलं की राखेशिवाय निघत नाही.

"पैसे घालून मालक होतत," ती म्हणाली. "पैसे नको. हात घेऊन ये. पहाटे वाफ धरूक आमका माणूस नाय."

"निवृत्तीक थोडीच वर्सां ऱ्हवलीत गे."

"बघ तर."

"बघतंय," तो म्हणाला.

त्याने बघितलं नाही. कारखान्यातली उरलेली वर्षं त्याने पुरी केली, एक खाडा न करता. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. वाफ धरायला त्या बायकांनी पेडण्याचा एक माणूस बघितला. तो त्यांच्यात बसतो आणि हात वर करतो.

वाढलेला पगार आणि निवृत्तीची रक्कम मिळून गौरेशला टेम्पो घेऊन दिला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला तो देवकीच्या शेडमधल्या काजूच्या पिशव्या नेतो. बायका भाडं पुरेपूर देतात, वर त्याला चहा पाजतात.

"त्यांच्याकडसून थोडां कमी घे," गुरुदास एकदा जेवताना म्हणाला.

"कित्याक?" गौरेशने विचारलं. "त्या तर कमी कर म्हणून सांगणत नाय."

चंद्रावतीने आमटी वाढली. गुरुदासने भात कालवला आणि खाली बघून जेवला. टेम्पो दारात उभा होता. गुरुदासने सही करून घेतलेल्या वाढीतून शेवटी तोच आला होता.